वांटून दिलेला भात

युद्धाचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा रणांगणाकडे तोंड करून बसतात. कोणतें ठाणें कोणीं घेतलें, किती जहाजें बुडालीं, तह कोठें झाला, हें सर्व त्यांच्या ग्रंथांत सविस्तर सांपडतें. परंतु त्याच दिवसांत घरोघरच्या चुली कशा पेटल्या, रॉकेलाच्या एका बाटलीवर मुलांचा अभ्यास कसा झाला, आणि अवेळीं पाहुणा दारांत उभा राहिला असतां गृहिणीच्या मनांत पहिला विचार कोणता आला, याची नोंद शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं.

२०२५ च्या मे महिन्यांत देशांत ठिकठिकाणीं नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. भोंगे वाजले, कांहीं शहरांत दिवेहि मालविण्यांत आले. तें पाहून पुष्कळ तरुण मंडळींचा असा ग्रह झालेला दिसला कीं, युद्धकाळीं घरच्या माणसांनीं दिवा मालवावा आणि स्वस्थ बसावें, एवढेंच त्यांचें कर्तव्य. १९७१ च्या डिसेंबरांत आम्ही शाळेंत होतों. खिडक्यांच्या कांचांना काळे कागद आम्हींहि चिकटविले आहेत, आणि त्यांत मौज होती हें नाकारीत नाहीं. पण दिवा मालविणें हा युद्धकाळांतील गृहस्थधर्माचा अगदीं सोपा भाग होय. कठीण भाग स्वयंपाकघरांत असतो. तो कसा, हें दुसऱ्या महायुद्धांतील मुंबईच्या उदाहरणानें पाहूं.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं येथील लोकप्रतिनिधींस न विचारतां हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें. पहिलीं दोन वर्षें हें युद्ध मुंबईकरांस वर्तमानपत्रांतच भेटत होतें. घरांत तें शिरलें तें पैशाच्या बटव्यांतून. १९४० सालीं रुपयांतील चांदीचें प्रमाण निम्म्यावर आणण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं एक रुपयाची कागदी नोट निघाली. ३१ मार्च १९४१ नंतर व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये चलनांतून गेले. पण लक्ष्मीपूजनाच्या तबकांतून ते गेले नाहींत, कारण शहाण्या बायकांनीं ते आधींच डब्याच्या तळाशीं घालून ठेविले होते. पुढें सुटी नाणीं इतकीं दुर्मिळ झालीं कीं, १९४३ पासून भोंकाचा पैसा पाडण्यांत येऊं लागला. नाण्यांची ही स्थिति, तर नोटांचा पूर. युद्धाच्या आरंभीं सुमारें १८० कोटि रुपयांच्या नोटा व्यवहारांत होत्या. १९४५ पर्यंत त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. माल त्या मानानें वाढला नव्हता. ज्यांचा पगार ठरीव, अशा कारकुनांच्या व शिक्षकांच्या घरांत या आंकड्यांचा अर्थ अर्थशास्त्राचीं पुस्तकें न वाचतांच समजला.

१९४२ सालीं युद्ध दाराशीं आलें. १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडलें, मार्चांत रंगून गेलें, आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम् व काकिनाडा या बंदरांवर जपानी बाँब पडले. मुंबईंतील अनेक कुटुंबांनीं बायकामुलांस कोंकणांत किंवा देशावर पाठवून दिलें. गांवचीं बंद घरें उघडलीं आणि मुंबईचीं बिऱ्हाडें ओस पडलीं. त्याच वर्षीं १ सप्टेंबरपासून सरकारनें घड्याळें एक तास पुढें केलीं, तीं १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशींच राहिलीं. कचेरी नव्या वेळेवर आणि देवपूजा जुन्या, असा दुहेरी संसार सुरू झाला.

मुंबईवर शत्रूचे बाँब पडले नाहींत. परंतु रंगून गेल्यानें जें गेलें, त्याचा आवाज झाला नाहीं. ब्रह्मदेशांतून हिंदुस्थानास दरसाल सुमारें १५ लक्ष टन तांदूळ येत असे. मुंबई व कोंकण हे तांदूळ खाणारे आणि बाहेरच्या तांदळावर पुष्कळ अंशीं अवलंबून असलेले प्रदेश. ती आवक एकाएकीं थांबली; ब्रह्मदेशचें रॉकेलहि थांबलें. कापड, कागद, साखर, आगगाडींतील जागा, सर्वच गोष्टींस लष्कराच्या मागून आपला क्रम लागूं लागला.

येथें आपल्या घराचा संबंध येतो. एकत्र कुटुंबांत वर्षाची बेगमी हा गृहिणीचा मोठा गुण मानला गेला आहे. चैत्र-वैशाखांत धान्य घ्यावें, त्याला उन्हें द्यावीं, कडुलिंबाचा पाला घालून कोठ्या भराव्या आणि पावसाळ्यांत निश्चिंत असावें, ही रीत आम्हांसहि प्रिय आहे. पण टंचाईच्या वर्षीं त्याच रीतीचा अर्थ उलटतो. ज्याच्याजवळ पैसा, तो एका वर्षाऐवजीं दोन वर्षांचें धान्य घेतो; तें पाहून शेजारी घेतो; तें पाहून व्यापारी माल दाबून ठेवतो; आणि ज्याला रोजच्या मजुरीवर रोजचा शेर घ्यावयाचा, तो दुकानावर जातो तेव्हां तेथें फळ्या लागलेल्या असतात. यांत प्रत्येकजण आपापल्या दृष्टीनें दूरदर्शीच असतो. चोरी कोणीं केलेली नसते. तरीहि एका घराची भरलेली कोठी दुसऱ्या घराच्या रिकाम्या मडक्यास कारण होते.

हें कोठवर जाऊं शकतें, तें बंगालनें पाहिलें. तेथेंहि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य उतरल्यास त्याच्या हातीं पडूं नयेत म्हणून सरकारनें किनाऱ्यावरील लोकांच्या होड्या काढून घेतल्या. १९४२ च्या ऑक्टोबरांत मेदिनीपूर भागावर मोठें चक्रीवादळ आलें. कलकत्त्यांतील युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांस स्वस्त धान्य मिळत राहिलें; पण खेड्यांतील मजूर, कोळी व कारागीर यांच्या हातांत चढत्या भावानें तांदूळ घेण्याइतका पैसाच उरला नाहीं. १९४३ च्या त्या दुष्काळांत सुमारें १५ लक्ष माणसें मेलीं, असा अंदाज सर जॉन वुडहेड यांच्या चौकशी मंडळानें १९४५ सालीं दिला. नंतरच्या कांहीं अभ्यासकांनीं ३० लक्षांपर्यंतचा आंकडा सांगितला आहे. अमर्त्य सेन यांनीं १९८१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, त्या वर्षीं बंगालांतील एकूण धान्य आधींच्या वर्षांच्या मानानें फार कमी नव्हतें. तें ज्यांना हवें होतें त्यांच्यापर्यंत पोंचलें नाहीं. कलकत्त्यांत रेशनिंग सुरू झालें तें १९४४ च्या जानेवारींत. तोंवर रस्ते भरून गेले होते.

मुंबईंत तसें झालें नाहीं. १९४३ च्या मे महिन्यांतच येथें धान्याचें रेशनिंग चालू झालें, आणि देशांतील मोठ्या शहरांत मुंबई याबाबतींत पहिली ठरली. या व्यवस्थेशीं ए. डी. गोरवाला या सनदी अधिकाऱ्याचें नांव निगडित आहे. त्याच वर्षीं सर थिओडोर ग्रेगरी यांच्या समितीनें शिफारस केली कीं, लाखावर वस्तीच्या शहरांत रेशनिंग असावें आणि प्रौढ माणसास रोज निदान एक पौंड धान्य मिळावें. लोकांस हें गोड वाटलें असें नव्हे. दुकानापुढें रांगेंत उभें राहणें हें कित्येक घरंदाज मंडळींस अपमानाचें वाटे. तांदूळ पुरेसा मिळेना, म्हणून कोंकणी घरांत बाजरी आली, आणि ती भाजतांना नव्या सुनांच्या डोळ्यांत पाणी आलें. धान्यांत खडे निघत. ओळखीपाळखीनें कांहीं मिळवून आणणारे चतुर पुरुषहि घरोघर होतेच. 'काळा बाजार' हा शब्द आपल्या बोलींत त्याच काळांत रुळला. १४ एप्रिल १९४४ रोजीं गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट होऊन शेंकडों माणसें मेलीं, आणि गुदामांतील हजारों टन धान्यहि जळालें. तरी मुंबईची चूल विझली नाहीं. कारण जें होतें तें मोजलें जात होतें आणि वांटलें जात होतें. खेड्यांतून अद्यापि रेशनच्या दुकानास 'कंट्रोल' म्हणतात. तो शब्द त्या काळाचा ठेवा आहे.

तिकडे साम्राज्याच्या राजधानींत काय चाललें होतें, तेंहि पाहण्याजोगें आहे. ब्रिटनमध्यें ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर व डुकराचें खारवलेलें मांस यांचें रेशनिंग झालें. त्याच वर्षीं चहा माणशीं आठवड्यास दोन औंसांवर आला. राजवाड्यांतील मंडळींच्या नांवेंहि रेशनचीं पुस्तकें निघालीं. आमच्या वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, शाकाहारी माणसानें तसें नोंदविल्यास मांसाच्या मोबदल्यांत त्यास जादा चीज मिळत असे. गर्भवती स्त्रियांस व लहान मुलांस १९४० पासून स्वस्त किंवा फुकट दूध देण्याची योजना निघाली. श्रीमंतांना उपाहारगृहांची वाट मोकळी होती, म्हणून १९४२ मध्यें एका जेवणाची किंमत पांच शिलिंगांवर बांधून टाकली. सर्व कांहीं न्यायाचें झालें असें नव्हे. पण सर्व जनता एका पंगतीस बसली आहे, असें मानून वाढप चाललें होतें. बंगालचा शेतमजूर त्याच साम्राज्याचा प्रजाजन होता. पण त्याचें पान त्या पंगतींत मांडलेलेंच नव्हतें. वाढणाऱ्याच्या हातापेक्षां पंगत कोठें संपते, हें ठरविणाराचा हात मोठा असतो.

'रेशन' हा शब्द परका खरा. त्याच्या मुळाशीं हिशेब असा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. पण आपल्या रोजच्या ताटांतील शब्द पाहा. संस्कृतांत 'भज्' म्हणजे वांटणें. त्यापासून 'भक्त' म्हणजे वांटून दिलेलें, वांट्यास आलेलें. आणि त्यावरूनच अन्न व शिजविलेला तांदूळ या अर्थीं 'भक्त' हा शब्द रूढ झाला. आपला 'भात' तो हाच. म्हणजे जें वांटलें गेलें नाहीं तें शिजलें असलें, तरी व्युत्पत्तीच्या न्यायानें भात नव्हे! कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दुष्काळीं राजानें करावयाच्या उपायांत 'भक्तसंविभाग' सांगितला आहे. राजाच्या कोठारांतील निम्मा साठा प्रजेच्या आपत्तीसाठीं राखावा, असेंहि तो सांगतो. त्याच ठिकाणीं त्यानें माणशीं अन्नाचें माप दिलें आहे: पुरुषास एका भोजनास एक प्रस्थ तांदूळ, स्त्रियांस त्याच्या पाऊण, मुलांस निम्मा.

हें पाऊण माप वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण १९४३ च्या कार्डावर तें नव्हतें. तेथें घरचा कर्ता पुरुष एक, त्याची म्हातारी आई एक, आणि गेल्या वैशाखांत लग्न होऊन आलेली धाकटी सूनहि एकच. कौटिल्यानें स्त्रीच्या वांट्यांतून राखून ठेवलेलें पाव प्रस्थ सरकारी कागदानें तिला परत केलें. मग तें तिच्या पानांत पडलें काय?

आमची आजी त्या काळीं गिरगांवांत एका चाळींत नांदत होती. घरांत अकरा माणसें. त्यांत तिच्या सासऱ्यांची विधवा भावजय, जिला सर्व घर काकू म्हणे. काकूंचें नांव कार्डावर होतें आणि त्यांच्या नांवें धान्यहि पुरें येई. पण काकू एकभुक्त. शिवाय एकादशी, सोमवार, प्रदोष आणि चातुर्मासांतले नेम. महिन्याच्या अखेरीस त्यांच्या वांट्याचें बरेंचसें धान्य शिल्लक राही, आणि कोंकणांतून येणाऱ्या पाहुण्यांची सोय त्यावर होई. चाळींत त्या घराच्या काटकसरीची फार वाखाणणी होती. इतकें माणूस येतें-जातें, पण कोणास विन्मुख पाठविलें नाहीं, असें लोक म्हणत. आजी म्हातारपणीं हें सांगे आणि शेवटीं म्हणे, "हिशेब सासूबाईंचा, पण पोट काकूंचें."

काकूंना कोणीं उपाशी ठेविलें होतें असें नव्हे. नेम त्यांचा होता, आणि तो त्या श्रद्धेनें पाळीत. पण स्वस्ताईच्या दिवसांत घरांतील कोणीतरी त्यांना म्हणे, "काकू, आज रात्रीं दोन घांस खा, थकला आहांत." आजी सांगे कीं, रेशन आल्यानंतर तसें म्हणणें घरांत हळूहळू बंद पडलें. त्यांच्या न खाण्याची घराला गरज लागूं लागली होती. युद्धानें त्या घरांत केलेली हानि कोणत्याहि सरकारी अहवालांत सांपडावयाची नाहीं. पण आमच्या मतें ती हीच. भांड्यांत अन्न मोजकें असलें आणि एक माणूस नेहमीं शेवटीं बसत असलें, तर टंचाई कोणाच्या पानांत पडणार हें सांगण्यास ज्योतिषी लागत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, शेवटीं जेवणें हा तर गृहिणीचा धर्मच. तर शास्त्र काय म्हणतें तें पाहावें. सर्वांस घालून उरलेल्या अन्नास 'विघस' म्हणतात, आणि तें खाणारा गृहस्थ स्तुतीस पात्र मानला आहे. पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत हें शेष अन्न पतिपत्नींनीं, दोघांनीं मिळून, मागाहून खावें असें आहे, एकटीनें नव्हे. आणि त्याच ठिकाणीं, नुकत्याच लग्न झालेल्या सुवासिनी, कुमारी, आजारी माणसें व गर्भिणी स्त्रिया यांस अतिथीच्याहि आधीं, मनांत कांहीं न आणतां जेवूं घालावें, असें सांगितलें आहे. आपण या आज्ञेंतील सोयीचा अर्धा भाग घेतला, आणि तोहि एकट्या बायकोच्या अंगावर टाकला. इंग्लंडांत गर्भवतीच्या दुधासाठीं युद्धकाळीं योजना करावी लागली. आपल्याकडे ती पोथींत होती, स्वयंपाकघरांत उतरली नाहीं.

पुढेंहि असे प्रसंग आले. १९६५ सालीं युद्ध आणि अन्नाची टंचाई एकदम आली, तेव्हां पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडावें असें देशास आवाहन केलें, आणि तें असंख्य घरांनीं मनापासून पाळलें. ती त्यागाची वेळ खरोखर थोर होती. तरी त्या आवाहनाचा पुरता अर्थ त्या पुरुषांस कळला असेल, ज्यांनीं त्या दिवशीं प्रथमच, रोज कोणीतरी आपल्याआधीं उपाशी राहतें, हें अनुभवलें. २०२० च्या टाळेबंदींत शत्रु निराळा होता. पण पहिल्या आठवड्यांतील दुकानें आठवावींत. ज्यांची घरें भरलेलीं होतीं तेच आधीं पिशव्या घेऊन धांवले. मात्र त्या वर्षीं रेशनच्या दुकानांतून माणशीं पांच किलो धान्य फुकट देण्याची योजना निघाली, आणि ज्यास एके काळीं आपण कटकट म्हणत होतों तीच कार्डाची व्यवस्था कोट्यवधि लोकांच्या उपयोगीं पडली.

एक बदल मात्र नमूद करण्यासारखा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें, त्याखालीं येणाऱ्या कुटुंबाच्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरांतील सर्वांत वडील, अठरा वर्षांवरील स्त्रीचें नांव घालावें असें ठरविलें आहे. पूर्वी 'शिधा' म्हणजे दात्यानें दारीं आलेल्यास उदारपणें दिलेलें कोरडें अन्न. आतां 'शिधापत्रिका' हा हक्काचा कागद झाला, आणि त्यावर पहिलें नांव काकूंसारख्या एखाद्या बाईचें असूं शकतें. नांवाच्या मागोमाग धान्य ताटापर्यंत जावें, हें काम मात्र कायद्याचें नव्हे. तें घरचें आहे.

म्हणून एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस आमची विनंति अशी. टंचाईचे दिवस पुन्हा येऊं नयेत. पण आलेच, तर कोठीघराची किल्ली एकट्याच्या कमरेला ठेवूं नये. घरांत किती आहे आणि तें किती दिवस पुरवावयाचें, हें सर्वांस, सुनांस व जाणत्या मुलांसहि, माहीत असावें. गरजेहून अधिक भरूं नये. शेजाऱ्याची कोठी रिकामी असतां आपली भरलेली कोठी ही अब्रूची गोष्ट नव्हे. स्वयंपाक झाल्यावर वाढणाऱ्या बाईचें पान प्रथम काढून झांकून ठेवावें, मग पंगत मांडावी. किंवा त्याहून बरें, सर्वांनीं एकाच वेळीं बसावें व एकमेकांस वाढावें. आणि घरांतील कोणी नेमानें उपवास करीत असेल, तर तिच्या वांट्याचें धान्य तिच्या हातीं द्यावें. तें कोणास घालावयाचें तें तिनें ठरवावें. दानाचें पुण्य तरी तिच्या नांवावर राहूं द्यावें.